घाणेवाडीचा गाळ आणि जालन्याची माणसं

‘जालना, सोने का पालना’ ही ओळख या शहराने व्यापारावर कमावली. कुंडलिका नदीकाठची ही पेठ जुनी. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने उभे राहिले. मात्र पैसा खेळणाऱ्या या गावाची परीक्षा पाण्याने वारंवार घेतली.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. विहिरींनी तळ गाठला, बैल कवडीमोलाने विकले गेले. बायाबापड्या लेकरे काखोटीला मारून खडी फोडायला, नाल्याला बांध घालायला, पाझर तलाव खोदायला गेल्या. कामावर सुकडी हा कोरडा खाऊ मिळे, घरी मिलो ज्वारीच्या भाकरी. मे 1973 मध्ये राज्यभरात अशा सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला याच काळाने बळ दिले आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. उपाशी माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला.

चाळीस वर्षांनी, 2012-13 मध्ये, पुन्हा तीच वेळ आली. जालना आता स्वतंत्र जिल्हा होता, शहर कितीतरी वाढले होते. नळाला पाणी येण्याचा नेम उरला नाही. अंबड, घनसावंगीकडच्या शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा टँकरने जगवल्या. ज्यांना ते परवडले नाही त्यांनी वर्षानुवर्षे वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली.

निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातून शहराला उताराने पाणी येत असे. तो गाळाने भरला होता आणि आता कोरडा पडला. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने व्यापारी, उद्योजक आणि सामान्य नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसला. उपसलेला गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने नेऊन शेतात पसरला. तलाव खोल झाला, माळरानाला माती मिळाली. जवळच्या कडवंची गावाने तर आधीच तयारी केली होती. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1996 पासून तिथे पाणलोटाची कामे झाली आणि त्या दुष्काळातही गावच्या द्राक्षबागा तगल्या.

संकटे मात्र एकेकटी आली नाहीत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातला हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा झोडपला. त्यानंतरचे दोन्ही पावसाळे तुटीचे गेले. कर्जाखाली दबलेल्या कितीतरी घरांतल्या कर्त्या माणसांनी आयुष्य संपवले. सरकारी मदतीसाठी अशा मृत्यूचे प्रकरण आधी समितीपुढे ‘पात्र’ ठरावे लागते. पदर डोळ्याला लावलेल्या बाईला सातबारा आणि कर्जाचे कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तलावासाठी गाव एकत्र आले. या घरांच्या वाट्याला तितकी सोबत आली नाही.

मग 2020 ची टाळेबंदी. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघाले. भुसावळहून रेल्वे मिळेल ही त्यांची आशा होती. 8 मे रोजी पहाटे करमाडजवळ थकून रुळांवर झोपलेल्या 16 जणांना मालगाडीने चिरडले. जालन्याची सळई घडवणाऱ्या या माणसांची वेळीच सोय झाली नाही.

जालन्याला संकटात एकत्र येणे जमते, हे घाणेवाडीने दाखवले आहे. आता हीच ताकद माणसांच्या नोंदीसाठी लागावी. प्रत्येक कारखान्याने आपल्या परप्रांतीय कामगारांची यादी प्रशासनाकडे द्यावी, त्यांच्या शिध्याची आणि निवाऱ्याची सोय आधीच ठरवावी. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरी कागदपत्रांसाठी ग्रामपंचायतीने स्वतःहून जावे. पुढचा दुष्काळ येण्याआधी एवढे करणे या शहराला सहज शक्य आहे.