लोंढ्याच्या दोन वाटा : उद्योगाच्या अंतर्बाह्य परिस्थितीचा एक विचार

लोंढा स्थानकावर तीन दिशांचे रूळ एकत्र येतात. एक वाट पूर्वेस अळणावर, धारवाडकडे जाते. दुसरी उत्तरेस खानापूर, बेळगाव, मिरज करीत पुण्याला पोहोचते. तिसरी पश्चिमेस कॅसल रॉकपर्यंत जाऊन तेथून घाट उतरते आणि गोव्यातील मुरगाव बंदराला भिडते. आपल्यापैकी अनेक घराणी या रुळांच्या मागोमागच येथे आली. कोणी रेल्वेच्या नोकरीसाठी आले, कोणी लाकडाच्या ठेक्यासाठी, तर कोणी किराण्याच्या पेढीसाठी. म्हणून आज ज्या विषयाला व्यवस्थापनशास्त्रात 'अंतर्गत व बाह्य परिस्थितीचे विश्लेषण' म्हणतात, त्याचा विचार आम्ही याच रुळांवरून करणार आहोत. पश्चिमेची आणि उत्तरेची अशा दोन वाटा त्यासाठी पुरेशा आहेत.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश आणि दंड ही सहा घरातली, आणि सातवे मित्र हे घराबाहेरचे. स्वारीला निघण्यापूर्वी आपले व शत्रूचे बळ, प्रदेश आणि काळ यांचा ताळा घ्यावा, असा त्याचा उपदेश आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सावकारांविषयी स्वतंत्र विवेचन असून, टोपीकर व्यापाऱ्यांच्या पाठीशी त्यांचे राजे असतात, तेव्हा त्यांना इतर सावकारांसारखे समजू नये, असा सावधगिरीचा इशारा आहे. व्यापाऱ्यामागची सत्ता ओळखणे हेही बाह्य परिस्थितीचेच विश्लेषण होय.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्वानांनी याला शास्त्राचे रूप दिले. एडिथ पेनरोज यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात उद्योगाची वाढ त्याच्या अंगच्या साधनांवर, विशेषतः माणसांच्या अनुभवावर, अवलंबून असते असे प्रतिपादिले. मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये बाहेरच्या पाच दबावांचा हिशेब मांडला. सध्याचे प्रतिस्पर्धी, नव्याने येऊ पाहणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक असे ते पाच दबाव. बलस्थाने, उणिवा, संधी व धोके असा चौकोनी तक्ता तर आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा आहे. तक्ता भरणे सोपे असते. तो प्रामाणिकपणे कोण भरतो आणि कोणत्या परिस्थितीत भरतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम पश्चिमेची वाट पाहू. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची भिंत दूर झाली. मिठाचा आणि अबकारीचा कारभार इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेला आणि त्याचा मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. करार १८८० च्या जानेवारीत अमलात आला. त्याची मुदत १२ वर्षांची होती. याच कराराच्या आधारावर मुरगाव बंदर आणि तेथून सरहद्दीपर्यंतचा लोहमार्ग बांधण्याची योजना आकारास आली. १८८१ मध्ये लंडनमध्ये 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली. मुरगाव ते कॅसल रॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. घाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. आजही तेथे मालगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, यावरून त्या काळच्या कामाची कल्पना यावी.

कंपनीची अपेक्षा अशी की धारवाडकडचा कापूस या मार्गाने समुद्राला मिळेल. अपेक्षा निराधार नव्हती. रेल्वेपूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जात असे. शिवाय १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर या भागात 'सदर्न मराठा रेल्वे'चे जाळे पसरत होते. बाहेरची परिस्थिती वरवर पाहता सर्वथा अनुकूल दिसत होती.

मात्र दोन गोष्टींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. पहिली अशी की पोर्तुगीज कंपनीचा मार्ग कॅसल रॉकला संपत होता. तेथून लोंढ्यापर्यंतचा आणि पुढचा सर्व मार्ग दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात होता. मुरगावला पोहोचणारा बहुतेक माल या दुसऱ्या कंपनीच्या डब्यांतून येणार, आणि त्या कंपनीला मात्र मुरगावखेरीज उत्तरेचीही वाट मोकळी होती. १८९० च्या सुमारास पुणे-लोंढा मार्ग पुरा झाला. पुण्यास मीटरगेजवरून ब्रॉडगेजवर माल उतरवून चढवावा लागे हे खरे, पण मुंबईत गिरण्या होत्या, पेढ्या होत्या, विमा होता आणि जगभर जाणाऱ्या आगबोटी होत्या. कापूस तिकडे ओढला गेला तर नवल नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कराराची मुदत. १८९२ च्या जानेवारीत ती संपली आणि कराराचे नूतनीकरण झाले नाही. सरहद्दीवर पुन्हा जकातीची चौकी उभी राहिली. लोहमार्ग पूर्ण होऊन अवघी चार वर्षे झाली होती.

येथे कोणी म्हणेल की हे कंपनीचे दुर्दैव. आम्हांस तसे वाटत नाही. १२ वर्षांची मुदत करारात स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. घाटातील लोहमार्गासारखे काम, ज्याचे फळ मिळण्यास पिढी लागते, ते अशा मुदतीच्या पायावर उभे करताना मुदतीनंतर काय, हा प्रश्न कोणीही विचारला असता. तो प्रश्न निकडीचा का वाटला नाही, याचे उत्तर कंपनीच्या अंतर्गत रचनेत आहे. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिलेली होती. मालाचे डबे भरोत वा रिकामे जावोत, लंडनच्या भागधारकाला त्याचे व्याज मिळणार होते. तोट्याची झळ पोहोचत होती ती पोर्तुगालच्या खजिन्याला, आणि तो खजिना लोंढ्यापासून फार दूर होता. ज्याने बाहेर पाहायचे त्याला पाहण्याची गरजच उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या मार्गाचा कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे सोपविला गेला. शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी वाट अखेर शेजाऱ्यानेच चालविली.

आता उत्तरेच्या वाटेने जाऊ. लोंढ्याहून निघालेली गाडी बेळगाव, मिरज, सांगली मागे टाकून किर्लोस्करवाडी स्थानकावर येते. १९१० मध्ये या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. १८८८ मध्ये त्यांनी आणि बंधू रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ पासून लोखंडी नांगर बनविण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन विषारी होते. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. येथे त्यांना व्याजाची हमी देणारे कोणी नव्हते. नांगर खपला नाही तर भट्टी थंड पडणार होती. म्हणून शेतकऱ्याची समजूत, त्याची जमीन, बैलांची ताकद आणि विलायती नांगराची किंमत यांचा अभ्यास करणे त्यांना भागच होते.

अशा वेळी बाहेरून आघात आला. नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती, त्यामुळे कारखाना हलविण्याची वेळ आली. चौकोनी तक्त्यात हा निखळ 'धोका' म्हणून नोंदला गेला असता. त्या सुमारास लक्ष्मणराव बांधकामाच्या निमित्ताने औंधला होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. पण लोहमार्ग शेजारी होता. लोखंड आणि कोळसा त्याच वाटेने येणार होता आणि तयार नांगर त्याच वाटेने बाजारात जाणार होते. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास आरंभ झाला.

राजाश्रय मिळाला म्हणून किर्लोस्कर तरले, असा आक्षेप घेता येईल, आणि तो डावलण्यासारखा नाही. पंतप्रतिनिधींचे औदार्य नसते तर ही कथा निराळी झाली असती. तरीही हमी आणि मदत यांत भेद आहे. लंडनच्या कंपनीला मिळालेली हमी धंदा न चालताही फळ देत होती. औंधचे कर्ज मात्र नांगर खपले तरच फिटणार होते. शिवाय बेळगावहून जे हलविण्यात आले त्यात यंत्रांहून मोलाची वस्तू माणसे ही होती. शंभुराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांच्यापैकी फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, पण यंत्ररचनेत त्यांचा हात विलक्षण चालत असे. माणसाच्या प्रशस्तिपत्रापलीकडे पाहण्याची दृष्टी लक्ष्मणरावांजवळ होती, आणि पेनरोज यांनी पुढे जे ग्रंथात लिहिले ते त्या माळावर प्रत्यक्षात घडत होते. महायुद्धाच्या काळात विलायती माल येणे दुर्घट झाले, तेव्हा संधी सर्वांनाच दिसली. तिचा लाभ घेण्यासाठी लागणारी भट्टी आणि हात ज्यांच्याजवळ आधीपासून तयार होते, त्यांत किर्लोस्करवाडी होती. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, आणि कारखान्यातील वार्ता बाहेर पोहोचविणारे एक साधन निर्माण झाले.

या दोन्ही वाटांचा मिळून आपल्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की लोंढा स्वतःच या कसोटीतून वारंवार गेले आहे. १९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली आणि पश्चिमेची गाडी बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती वाट पुन्हा खुली झाली. पुढे होस्पेटकडचे खनिज मुरगावला जाऊ लागले आणि जो मार्ग कापसासाठी बांधला तो खनिजाने गजबजला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मुंबईहून गोव्याला जाणारा उतारू लोंढ्याला येईनासा झाला. २०१० मध्ये कर्नाटक शासनाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. यांपैकी एकही निर्णय लोंढ्यात झाला नाही.

शासकीय सेवेत असताना लघुउद्योगांच्या कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून जात असत. बाजारपेठेच्या रकान्यात बहुधा 'भरपूर मागणी' असे लिहिलेले असे. ही मागणी कोणाच्या आदेशावर, कोणत्या मुदतीपर्यंत टिकून आहे, हे क्वचितच कोणी लिही. आणि काम जाणणारी माणसे किती, या रकान्यात अर्जदार केवळ स्वतःचे नाव घाली. अनुदान मंजूर झाले की दोन्ही रकाने विसरले जात. त्यांतील काही अर्ज आम्हीही बिनदिक्कत पुढे पाठविले, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यांपैकी कित्येक शेडना पुढे कुलपे लागलेली आम्ही पाहिली.

आपल्या घराण्यांनी रेल्वेच्या नोकरीवर आणि जंगलाच्या ठेक्यावर दोन-तीन पिढ्या सुखाने काढल्या. त्यांत कमीपणा काही नाही. पण नोकरी आणि ठेका ही दोन्ही दुसऱ्याच्या स्वाक्षरीने मिळणारी हमी होती, आणि त्या हमीने आपल्यालाही बाहेर पाहण्याची गरज भासू दिली नाही. आता नातवंडांपैकी कोणी उद्योगाची गोष्ट काढली, तर त्यांना आपण दोनच प्रश्न विचारावेत. तुमचा धंदा ज्या परिस्थितीवर उभा आहे, ती कोणाच्या हाती आहे आणि तिची मुदत किती? आणि उद्या जागा सोडावी लागली, तर गाडीच्या डब्यात घालून बरोबर काय नेता येईल? उत्तरे मिळेपर्यंत कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करू नये, असे आमचे नम्र मत आहे.