गुणपत्रक, मुख्यमंत्री आणि ‘सगळेच करतात’

१/ मार्च १९८६. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. निमित्त होते वैद्यकीय परीक्षेच्या गुणांमधील फेरफाराचे. व्यावसायिक परीक्षेतील गैरप्रकाराने नेमके कोणाचे नुकसान होते, हा प्रश्न त्या प्रकरणाने न्यायालयापुढे आणला. त्याविषयी हा धागा.

२/ हा विषय सुचला तो सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेखाली, चहाच्या टपरीवर. शिक्षक पात्रता परीक्षा पुन्हा एकदा देणारा माझा मित्र म्हणाला, “अरे, ही नुसती पात्रता परीक्षा आहे. पैसे देऊन पास झालो तर मी कोणाची जागा घेतो? आणि तसेही सगळेच करतात.” तो थट्टेत बोलला असेल, पण मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

३/ आता १९८५ कडे वळू. शिवाजीराव पाटील निलंगेकर जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विषयाची एम.डी. परीक्षा झाली. मुख्यमंत्र्यांच्या कन्या परीक्षार्थी होत्या. पूर्वी याच परीक्षेत त्यांना अपयश आले होते. या खेपेस त्या उत्तीर्ण ठरल्या.

४/ त्याच परीक्षेला बसलेले डॉ. महेश गोसावी मुंबई उच्च न्यायालयात गेले. गुणांमध्ये फेरफार करून निकाल बदलला, असा त्यांचा आरोप होता. समोर राज्याचे विद्यमान मुख्यमंत्री होते, आणि ज्या विद्यापीठावर आरोप करायचा, पदवीही त्याच विद्यापीठाकडून मिळायची होती. या धाडसाची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

५/ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी फेरफार झाल्याचे मान्य केले आणि मुख्यमंत्र्यांवरही ताशेरे ओढले. निलंगेकरांनी राजीनामा दिला आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांनाही उच्च न्यायालयाच्या निकालानंतरच पद सोडावे लागले होते. म्हणजे चार-सव्वाचार वर्षांतली ही दुसरी वेळ.

६/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा सावध राहावे. अपिलात फेरफाराचा निष्कर्ष टिकला. परंतु तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाला हे थेट पुराव्याने सिद्ध झाले, असे खंडपीठाने म्हटले नाही. संशयास जागा आहे, इतकेच मत नोंदवले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. ‘मुख्यमंत्र्यांनी गुण वाढवून घेतले’ हे लोकप्रिय वाक्य निकालाच्या पुढे धावते.

७/ मला त्या निकालातील दुसरा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. गोसावी स्वतःच्या निकालासाठी भांडत होते. मग ही लोकहिताची याचिका कशी? सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की याचिकाकर्त्याचा हेतू खासगी असेलही, पण वैद्यकशास्त्रातील एवढ्या उच्च पदवीच्या परीक्षकांनी कसे वर्तन केले, याची चौकशी ही सार्वजनिक हिताचीच बाब आहे. जनहित याचिकांच्या चर्चेत हे प्रकरण आजही उद्धृत होते.

८/ एका पदवीच्या निकालात जनतेचे हित कुठून आले? प्रसूतीसाठी दाखल झालेली स्त्री आपल्या डॉक्टरची परीक्षा घेऊ शकत नाही. ती दारावरची पाटी वाचते आणि विश्वास ठेवते. तिच्या वतीने परीक्षा घेण्याचे काम विद्यापीठाने पत्करलेले असते. गुणपत्रकात फेरफार होतो तेव्हा पहिली फसवणूक तिची होते, आणि तिला ते कधी कळतही नाही.

९/ आता पुण्यात येऊ. जानेवारी २०२० मध्ये राज्य परीक्षा परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षा घेतली. २०२१ च्या अखेरीस पुण्याचे सायबर पोलीस आरोग्य विभागाच्या आणि म्हाडाच्या भरती परीक्षांचा तपास करत असताना धागेदोरे या परीक्षेपर्यंत पोहोचले. परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई करून त्यांची संपादणूक रद्द केली.

१०/ उत्तीर्ण म्हणून जाहीर झालेले होते सुमारे साडेसोळा हजार. म्हणजे जवळपास निम्मे नाव गळाले. उरलेल्या निम्म्यांनी रात्री जागून मिळवलेले प्रमाणपत्रही त्या दिवसापासून लोक उलटून पालटून पाहू लागले. ही झळ ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांना बसली.

११/ ‘सगळेच करतात’ हेही आकड्यांवर तपासू. परीक्षेला बसलेले होते तीन लाखांहून अधिक. कारवाई झालेले त्यांच्यात शंभराला तीनही भरत नाहीत. सत्त्याण्णव जण अभ्यास करून बसले आणि त्यातले बहुतेक नापास होऊन घरी गेले. ‘सगळेच’ म्हणताना आपण नेमके त्यांनाच पुसून टाकतो.

१२/ कठोर शिक्षा हा उपाय आहे का? चीनमध्ये १८५८ च्या बीजिंग येथील राजकीय परीक्षेत गैरप्रकार उघड झाला. मुख्य परीक्षक बो-जुन हा साम्राज्यातील सर्वोच्च मंत्र्यांपैकी एक होता. १८५९ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. तरीही परीक्षांतील गैरप्रकार संपले नाहीत.

१३/ आपल्याकडे महाराष्ट्राने १९८२ मध्ये परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. २०२४ च्या केंद्रीय कायद्यात संघटित टोळ्यांना ५ ते १० वर्षे कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड आहे. मात्र या कायद्याचा रोख टोळ्यांवर आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवर आहे. परीक्षार्थ्याचा निवाडा परीक्षा संस्थेच्या नियमांवर सोडला आहे. पैसे द्यावेत की नाही, हे ठरवताना तो बराचसा एकटाच असतो.

१४/ माझ्या मित्राचा राग खोटा नाही. रखडलेल्या भरत्या, सरत जाणारे वय, गावाकडून येणारा तोच प्रश्न, हे सारे मी रोज पाहतो. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याकडे आहे. तू कोणा उमेदवाराची जागा घेत नसशील. पण तिसरीच्या वर्गातील ज्या मुलाला तू भागाकार शिकवणार आहेस, त्याने तुझी परीक्षा आपल्या वतीने घ्यायला लावली होती. त्याला विचारल्याशिवाय तू निकाल बदलतो आहेस.

१५/ हे मी त्याला उद्या टपरीवर सांगणार आहे. तो काय म्हणेल, ठाऊक नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना १९८६ चा तो मार्च आठवत असेल तर त्यांना अवश्य विचारा, आणि त्यांची आठवण खाली लिहा.