हवेत मारलेली किक

कॉर्नर मिळालेला असतो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला मुलगा चौकोनाचं बटण दाबून धरतो, ताकदीची पट्टी हवी तेवढी भरली की सोडतो. चेंडू गोलसमोर उंच येतो आणि त्याच क्षणी मुलाचं बूड खुर्चीवरून वीतभर उचललं जातं. कंट्रोलर छातीपासून थेट कपाळापर्यंत जातो. हेडर मारायचा असतो पडद्यावरच्या खेळाडूला, मान मात्र याची ताठ होते. मागे उभे असलेले चार जण त्याच्यासोबत टाचा उचलतात. मशीनला यातलं काहीच कळत नाही. तिला कळतं ते फक्त अंगठ्याखाली दबलेलं बटण.

आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, २००० नंतरच्या दशकात गेम पार्लरांमधून हे रोज दिसायचं. पुढे २००६ ते २०१२ या काळात जगातल्या तीन बड्या कंपन्यांनी ठरवलं, की खेळणाऱ्याची ही उडी, हा झटका, ही मान वळवणं मशीनला कळलं पाहिजे. त्यासाठी अफाट पैसा ओतला गेला. पडद्यावर फुटबॉल खेळणाऱ्यांनी मात्र हे देणं बहुतेक ठिकाणी नाकारलं. युरोपात नाकारलं, अमेरिकेत नाकारलं आणि दहा बाय बाराच्या गाळ्यात बसलेल्या आपल्या पोरांनीही नाकारलं. त्यांनी ते का नाकारलं, हे समजून घ्यायचं तर या शहरात टीव्हीवरचा खेळ कसा आला तिथून सुरुवात करावी लागते.

पैठण रोडवर चौदाव्या किलोमीटरला चितेगाव आहे. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना इथला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांनी देशाला रंगीत टीव्हीची ओढ लावली, आणि त्या दशकात तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने व्हिडिओकॉनचे रंगीत संच इथून घरोघर जाऊ लागले. बाकी शहरांत टीव्ही बाहेरून आला. या शहरासाठी तो शेजारच्या गावात तयार होत होता. कुणाचा काका, कुणाची आत्या तिथल्या लाइनवर कामाला होती. शहराच्या खेळाच्या इतिहासात हा कारखाना कुणी मोजत नाही, पण मोजायला हवा. कारण नव्वदच्या दशकात पोरांच्या हाती ‘टीव्ही गेम’ आला, तो याच जाडजूड काचेच्या डब्यांना जोडला गेला.

टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला. अँटेनाची वायर काढायची, त्या जागी गेमची पिन खुपसायची आणि चॅनेलचा स्क्रू फिरवत मुंग्यांमधून मारिओ बाहेर येईपर्यंत धीर धरायचा. कॅसेटमध्ये ‘सॉकर’ नावाचा खेळही असायचा, निन्टेंडोने १९८५ मध्ये काढलेला. खेळाडू बुटके, हालचाल संथ, पण आडवं-उभं मैदान आणि गोलच्या जाळ्या ओळखू यायच्या.

याच डब्यासोबत प्लास्टिकची बंदूक यायची, ‘डक हंट’साठी. हालचालीने खेळण्याची या शहराची पहिली ओळख हीच म्हणावी लागेल. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं. पोरांनी दोन दिवसांत यातली मेख शोधली: नळी थेट काचेला टेकवायची. नेम धरण्याचं नाटक संपलं आणि बंदूक माळ्यावर गेली. कॉन्ट्रा आणि मारिओ हे बटणांचे खेळ मात्र वर्षानुवर्षं चालले. बटणात कौशल्य होतं, बंदुकीत ते उरलं नाही. पुढच्या वीस वर्षांत जे घडलं त्याचं बीज या छोट्या गोष्टीत आहे असं वाटतं.

मग कॉम्प्युटर आला. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खोल्यांमध्ये आणि सायबर कॅफेंच्या प्लायवुडच्या खोपट्यांत ‘फिफा’ या फुटबॉल गेमच्या कॉपी फिरू लागल्या. दोघांनी एकच कीबोर्ड वाटून घ्यायचा. एक डावीकडच्या अक्षरांवर, दुसरा उजवीकडच्या बाणांवर. स्वस्त कीबोर्डला एकाच वेळी दाबलेल्या सगळ्या कळा पेलत नाहीत. त्यामुळे ऐन हल्ल्यात एकाने तीन कळा दाबून धरल्या की दुसऱ्याचा खेळाडू जागीच थिजायचा. यावरून होणारी भांडणं खरी असायची. कोपर मारणं, हात झाकणं हे सगळं टेबलावर चालायचं. शरीर तिथेही खेळात होतंच.

पार्लरचा खरा काळ प्लेस्टेशन २ चा. एक शटर, तीन-चार टीव्ही, पिवळी-पांढरी-लाल अशा तीन पिनांच्या वायरी, भिंतीला पंखा आणि गल्ल्यावर एक वही. वहीत टीव्हीचा नंबर आणि सुरू केल्याची वेळ. पैसे तासाचे, आणि ते हरणाऱ्याने द्यायचे. जिंकला तो खुर्चीवर बसून राहणार, हरला तो उठणार. वेळ संपली तरी मॅच अर्ध्यावर असेल तर चांगला मालक म्हणायचा, ‘होऊ दे पूर्ण.’ बोलणं मराठी, उर्दू आणि शहराच्या दखनीची सरमिसळ. ‘पास दे ना बे’, ‘मामू, ऑफसाइड है’, ‘अरे सोड ते बटण’.

हा फुटबॉल शहरात परका नव्हता. जामा मशिदीजवळच्या आमखास मैदानावर आणि छावणीत फुटबॉल खेळणारी पोरं होतीच. रात्री केबलवर इंग्लंडची लीग दिसायची. पण आमखासवर जागा मिळायची बावीस जणांना. पार्लरमध्ये कुणीही आर्सेनल होऊ शकत होतं.

आणि इथे दोन घराणी होती. एक फिफाचं, एक कोनामीच्या ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’चं, ज्याला सगळे ‘पेस’ म्हणायचे. फिफात वर्तुळाचं बटण म्हणजे शॉट आणि चौकोन म्हणजे उंच क्रॉस. पेसमध्ये बरोबर उलटं. एका घराण्यातला पोरगा दुसऱ्यात बसला की गोलसमोर एकटा असताना शॉटऐवजी क्रॉस मारायचा आणि मागचे हसून बेजार व्हायचे. पेसकडे सगळ्या क्लबांचे परवाने नव्हते, म्हणून लिव्हरपूल तिथे ‘मर्सिसाइड रेड’ व्हायचं. पण पोरांना ती नावं तोंडपाठ. पेस ६ मध्ये इंटर मिलानच्या ॲड्रियानोच्या शॉटची ताकद ९९ होती. त्याला घेऊन तीस यार्डांवरून मारत सुटणाऱ्यावर पार्लरात बंदी घातली जायची, आणि ती पाळलीही जायची.

हे सगळं अंगठ्याचं ज्ञान होतं. बटण किती वेळ दाबायचं, कधी सोडायचं, याला शेकडो तास आणि त्या तासांचे पैसे गेलेले. महाविद्यालयात मागच्या बाकावर बसणारा मुलगा इथे उस्ताद असायचा आणि लांबून त्याला बघायला पोरं यायची.

अशात २००६ च्या अखेरीस निन्टेंडोचं ‘वी’ आलं. हातातला रिमोट हलवा, पडद्यावर रॅकेट हलेल. जगभर घरंच्या घरं बैठकीच्या खोलीत टेनिस खेळू लागली. रिमोट हातातून सुटून वस्तू फुटायला लागल्या, तेव्हा त्याच डिसेंबरात कंपनीने मनगटाच्या ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची घोषणा केली. शेवटी दहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. फुटबॉलही आला. फिफा ०८ मध्ये रिमोटचा झटका दिला की शॉट जायचा, सोबत टेबल फुटबॉलसारखे छोटे खेळ. कोनामीने २००८ मध्ये अधिक विचारपूर्वक काम केलं: रिमोटने पडद्यावर बोट दाखवल्यासारखा बाण न्यायचा, खेळाडूला कुठे पळायचंय ती रेघ ओढून द्यायची, आणि दुसऱ्या हातातला ‘नन्चक’ हा जोडकंट्रोलर झटकला की शॉट. समीक्षकांनी या कल्पनेचं मनापासून कौतुक केलं आणि ते रास्त होतं. एका वेळी एकच खेळाडू हलवण्याची सवय तिने मोडली. पण नेहमीचे खेळाडू परत बटणांकडे गेले. २०१३ पर्यंत ‘वी’वरचा फिफा नव्या जर्सी आणि नवे संघ घालून जुनाच विकला जात होता. आपल्याकडच्या पार्लरांत तर वी कधी रुजलंच नाही.

सोनीची गोष्ट जास्त बोलकी आहे. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ च्या एप्रिलमध्ये ३९,९९० रुपयांना आलं. त्याच्या नव्या कंट्रोलरला तिरपं केलेलं कळत होतं, पण त्यातला थरथराट काढून टाकला होता. पोस्टला आदळलेला चेंडू, टाचेत घुसलेला टॅकल, हे सगळं आधी तळहातात जाणवायचं, आता हात सुन्न. जगभरातून इतका नाराजीचा सूर आला की पुढच्या कंट्रोलरमध्ये थरथराट परत आणावा लागला. खेळणाऱ्यांचं मागणं यातून स्वच्छ दिसतं. मशीनने आपलं अंग वाचावं अशी त्यांची मागणी नव्हती. मैदानाने आपल्या हाताला काहीतरी सांगावं, एवढीच होती.

मग २०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं ‘किनेक्ट’ आलं, भारतात ९,९९० रुपयांना. हातात काहीच धरायचं नाही. अवरक्त ठिपक्यांची जाळी खोलीभर फेकून ते माणसाचे वीस सांधे ओळखायचं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले आणि गिनीजमध्ये नोंद झाली. ‘किनेक्ट स्पोर्ट्स’मध्ये फुटबॉल होता: खरी लाथ मारा, खरं डोकं मारा. पळायचं मात्र नाही, पळणं मशीन स्वतः करायचं.

आता हे पार्लरात ठेवून बघा. एका खेळाडूला पडद्यापासून सहा फूट, दोघांना आठ फूट मोकळी जागा हवी. दहा बाय बाराच्या गाळ्यात एवढ्या जागेत दोन टीव्ही आणि चार गिऱ्हाइकं बसतात. शटर वर केलं की ऊन आत येणार, आणि उन्हात त्या अवरक्त ठिपक्यांचं काही चालत नाही. मागे उभे असलेले चौघे तर गेलेच पाहिजेत, कारण कॅमेऱ्याला तेही माणसंच. म्हणजे पार्लर ज्याच्यावर चालतं ते सगळंच बाहेर: गर्दी, खुर्ची, शेजारचा टीव्ही. शिवाय हात हलल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत किंचित उशीर. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात टॅकल चुकवणाऱ्याला तो उशीर डोंगराएवढा.

फिफा १३ ने याहून नाजूक जागी बोट ठेवलं. किनेक्टला आवाजही कळायचा. रेफ्रीला शिवी दिली आणि ती त्याने ऐकली, तर करिअरच्या खेळात त्याचे परिणाम भोगावे लागत. पार्लरची अर्धी मजा शिव्यांमध्ये होती आणि त्या दखनीत असल्याने मशीनच्या आवाक्याबाहेर राहिल्या असत्या. पण कल्पनाच अंगावर येणारी आहे. खेळताना निघालेला शब्द मित्रांमध्ये विरून जातो. तो कुणीतरी टिपून ठेवतंय म्हटलं की जीभ अडखळते. अंगाचंही तसंच आहे. कॉर्नरला बूड उचललं जातं ते आपोआप, आनंदाने. तेच ‘आता उडी मार’ म्हणून मागितलं की ते काम होतं, आणि चार जणांसमोर हवेत लाथ मारणारा पोरगा उस्ताद न राहता तमाशा होतो.

हालचाल मुळातच वाईट होती असं नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्सने सोनीच्या हालचाल ओळखणाऱ्या ‘मूव्ह’ कांडीसाठी गल्ली क्रिकेटचा खेळ बनवला, ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’. तिथे हातातली कांडी बॅटच होती, आणि बॅट हातानेच फिरवायची असते. फुटबॉलमध्ये मनगट झटकून पायाचं काम करायचं होतं. अंगठ्याने पाय हलवणं पोरांनी केव्हाच पत्करलं होतं, कारण अंगठा पायाची नक्कल करत नाही. तो स्वतःची वेगळी भाषा बोलतो.

२०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन बंद झालं. पुढच्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगावच्या संचांवर ज्यांनी पहिला गोल केला त्यातले कित्येक आज वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. पार्लरच्या कित्येक गाळ्यांत आता मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतात. त्या वह्या, ते दर, कुणी कुणाला किती गोलांनी हरवलं, यातलं काही कुणी जपून ठेवलं नाही. जपायला हवं होतं. एका शहराच्या दोन पिढ्यांची दोस्ती त्या वह्यांमध्ये होती.

हालचालीचा कंट्रोल मात्र परत आला, गुपचूप. मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा खेळ खेळणारी पोरं ‘जायरो’ चालू ठेवतात. फोन केसभर तिरपा केला की बंदुकीचा नेम सरकतो, आणि अंगठ्याला जमत नाही एवढी बारीक दुरुस्ती मनगट करतं. कुणी सांगितलं नाही, जाहिरात झाली नाही. उपयोग दिसला म्हणून सगळ्यांनी घेतलं. आमखासवर संध्याकाळचा खेळ आटोपला की तीच पोरं कडेला बसून फोनवर फुटबॉल लावतात. पेनल्टी येते. अंगठा काचेवरून सरकतो, आणि त्यासोबत अख्खा फोन डावीकडे कलतो, मग खांदा, मग शेजारी बसलेल्या दोघांचे खांदे.