झाडींतलें घर

भंडाऱ्याहून साकोलीकडे जातांना तलाव, धानाच्या बांध्या आणि मोहाच्या झाडांआड दडलेलीं कवेलूंचीं घरें दिसतात. या मुलखास झाडीपट्टी म्हणतात तें उगीच नव्हे. अशा घरांत चित्रास योग्य असें काय आहे, असें सहज कोणी विचारील. युरोपांत या प्रश्नाचें उत्तर एका चित्रपंथानें दिलें.

पॉल सेझान (१८३९–१९०६) यानें प्रोव्हान्समधील झाडींतलीं साधीं घरें पुनःपुन्हा रंगविलीं. त्याच्या आधीच्या दृक्प्रत्ययवाद्यांस क्षणोक्षणीं पालटणारा प्रकाश मोहवी. सेझानास त्या प्रकाशाखालचा वस्तूचा टिकाऊ बांधा हवा होता. जॉर्ज स्यूरा यानें रंग न कालवतां शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीं शेजारीं ठेवले आणि ते मिसळण्याचें काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपविलें. १९१० सालीं रॉजर फ्राय यानें लंडनला या मंडळींचें प्रदर्शन भरवून त्यांस उत्तर-दृक्प्रत्ययवादी हें नांव दिलें. लंडनकरांनीं तेव्हां त्यांची टवाळीच केली.

योगायोग असा कीं, त्याच सालीं इंदुरास नारायण श्रीधर बेंद्रे जन्मले. देवळालीकर मास्तरांच्या हाताखालीं ते उघड्यावर बसून निसर्गचित्रें काढावयास शिकले. १९४१ सालीं त्यांस बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. १९५० ते १९६६ त्यांनीं बडोद्यास अध्यापन केलें. उत्तरायुष्यांत ते ठिपक्यांच्या रीतीकडे वळले.

हें परक्यांचें अनुकरण नव्हे काय? आक्षेप टाकाऊ नाहीं. परंतु स्यूराचा ठिपका प्रकाशशास्त्राच्या अभ्यासांतून आला; बेंद्र्यांचा ठिपका आपल्याकडील धूळ, ऊन आणि पानांची सळसळ सांगतो. साधन उसनें असलें तरी डोळा स्वतःचा असला, म्हणजे अनुकरणाचा दोष उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

झाडीपट्टींतल्या कवेलूंच्या जागीं आतां सिमेंटचीं छपरें येत आहेत. राहणाऱ्यास त्यांत सोय आहे. दरसाल कवेलू फेरण्याचा त्रास चुकतो, म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं. मात्र आपल्या मुलांस रंगपेटी घेऊन देणाऱ्या पालकांनीं, तीं घरें उभीं आहेत तोंवर, एखाद्या सकाळीं त्यांस तेथें नेऊन बसवावें.