लंडन ते ब्रायटन : हौशी कोणाला म्हणायचं?

या मालिकेत लढायांबद्दल आपण पुष्कळ बोललो. आज चालण्याबद्दल बोलू. पायदळात नोकरी झालेल्या माणसाला या विषयासाठी फार निमित्त लागत नाही.

१ मे १९०३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून शेअर बाजारातली मंडळी ब्रायटनला पायी निघाली. ब्रायटन म्हणजे दक्षिणेचं समुद्रकाठचं शहर, अंतर सुमारे ५२ मैल, म्हणजे जवळपास ८४ किलोमीटर. आमच्या चाळीस किलोमीटरच्या दोन रूट मार्चची बेरीज, तीही मधे मुक्काम न करता. ब्रॉड नावाच्या गृहस्थाने ही शर्यत साधारण साडेनऊ तासांत जिंकली. ताशी जवळजवळ नऊ किलोमीटर! हा वेग पलटणीत पळतानाही सगळ्यांना टिकवता येत नाही. आमच्या पाठीवर पिठ्ठू असायचा हे खरं, पण खुर्चीत बसून दलाली करणाऱ्यांकडून ही अपेक्षा कोणी केली असती?

लंडनला चालण्याच्या शर्यती नव्या नव्हत्या. १८७८ मध्ये इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सहा दिवसांची शर्यत झाली. डॅनियल ओलेरी नावाच्या आयरिश-अमेरिकन माणसाने त्यात ५२० मैल कापले. लोक तिकीट काढून बघायला यायचे, सट्टा लागायचा. चालणारे पैशासाठी चालायचे, आणि सभ्य समाज त्यांच्याकडे तमासगिरांकडे बघावं तसा बघायचा.

म्हणून ‘हौशी’ हा शब्द पुढे आला. मराठीत हौशी म्हणजे हौसेने करणारा, पैशासाठी न करणारा. इंग्लंडमध्ये तेवढ्यावर भागत नव्हतं. १८६६ मध्ये लंडनच्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी खेळाडूची व्याख्या केली, तिच्यात यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना जागाच नव्हती. एक पैसा न घेता पळा किंवा चाला, हाताने काम करून पोट भरत असाल तर तुम्ही हौशी नाही! ही अट १८८० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने काढली. कागदावरून अट गेली, पण मनातून जायला वेळ लागला. आपल्याकडे पंगतीत कोणी कुठे बसायचं याचे नियम सुटायला किती वर्षं लागली, ते आठवा.

गंमत अशी, की दिवसभर भावांच्या चढउतारावर पैसा लावणारे दलाल हौशी ठरत होते. त्यांची टिंगल मी करणार नाही, कारण ही माणसं खरोखर चालली. त्यांच्यातल्याच टी. ई. हॅमंडने १९०८ मध्ये व्हाइट सिटी मैदानावर २४ तासांत १३१ मैल कापले. आणि १९०३ च्या त्या चालीनंतर इतर धंद्यांतल्या लोकांनीही आपापल्या शर्यती भरवल्या. रस्ता सगळ्यांचाच होता. त्याला प्रवेशपत्रिका लागत नव्हती.

आता हॅरोल्ड व्हिटलॉकची गोष्ट. जन्म १९०३ चाच, पेशाने मोटार मेकॅनिक. लंडन ते ब्रायटन हे अंतर आठ तासांच्या आत प्रथम चालला तो हाच, १९३५ मध्ये. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटर चालण्याचं सुवर्णपदक त्याने आणलं. १८६६ ची व्याख्या चालू असती, तर हा माणूस हौशांच्या रांगेत उभाही राहू शकला नसता. मला या सगळ्या इतिहासात हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते.

त्यानंतर डॉन थॉम्पसन. विमा कंपनीतला कारकून, उंचीने लहानखुरा, ब्रायटनची शर्यत वर्षानुवर्षं जिंकणारा. १९५६ ला मेलबर्नच्या उन्हात तो कोसळला होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकआधी त्याने घरच्या न्हाणीघरात हीटर लावले, किटल्या उकळत ठेवल्या आणि त्या वाफेत अंगभर कपडे घालून सराव केला. सुवर्णपदक घेऊनच परतला. अशी तयारी कुठल्याही फौजी शाळेत शिकवावी.

आपल्याकडे हा खेळ मोठा केला तो मुख्यतः जवानांनी. शीख रेजिमेंटच्या हाकम सिंग यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई खेळांत २० किलोमीटर चालण्यात सुवर्ण मिळवलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘द मॉल’ या रस्त्यावर, वेस्टमिन्स्टर पुलापासून फार लांब नाही, केरळचा के. टी. इरफान २० किलोमीटर चालला. एक तास वीस मिनिटं एकवीस सेकंद, दहावा क्रमांक. तोही आपल्या लष्करातलाच.