ईस्टर केक व त्याची सजावट

ईस्टर केक : ख्रिस्ती धर्मीयांच्या ईस्टर या सणानिमित्त तयार करण्यात येणारा व अंडी, घरटे, कोकरू, ससा, वसंतातील फुले इ. प्रतीकांनी सजविलेला गोड पदार्थ. त्याचे मोठे सामुदायिक प्रकार यूरोपात मध्ययुगापासून रूढ आहेत. कपकेक हा घरगुती, छोटा व सुलभ प्रकार मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उगम पावला व विसाव्या शतकात सर्वत्र पसरला. या सजावटीच्या इतिहासात धार्मिक आचार, साखरेची बाजारपेठ, स्वयंपाकघरातील तंत्र व अन्नभेसळीविरुद्धचा लढा हे चारही धागे एकत्र आलेले दिसतात.

पार्श्वभूमी : येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण पश्चिमी ख्रिस्ती पंथांत २१ मार्च वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान साजरा होतो. त्यापूर्वी लेंट हा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळण्यात येतो. मध्ययुगीन यूरोपात या काळात मांसाबरोबरच अंडी, दूध व लोणीही वर्ज्य असे. याच सुमारास दिवस मोठे होऊ लागल्याने कोंबड्या अधिक अंडी घालू लागतात. परिणामतः अंडी खाण्यास बंदी असतानाच त्यांचा साठा वाढत जाई. उपवास सुटताच अंडी व लोणी यांनी समृद्ध असे पदार्थ करण्याचा प्रघात पडला, त्याचे एक कारण हे होय. अंडी रंगवून भेट देण्याची चालही जुनी आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या खर्चाच्या नोंदींत रंगविण्यासाठी व सोन्याच्या वर्खाने मढविण्यासाठी घेतलेल्या ४५० अंड्यांचे १८ पेन्स नमूद आहेत. अंड्याचे कवच फोडून बाहेर येणारा जीव हे रिकाम्या थडग्याचे व नवजीवनाचे प्रतीक मानले गेले. अंडी आणून ठेवणाऱ्या ईस्टरच्या सशाचा उल्लेख जर्मन वैद्य गेओर्क फ्रांक फोन फ्रांकेनाऊ याच्या १६८२ मधील लेखनात आढळतो. पुढे जर्मन स्थलांतरितांनी ही कल्पना पेनसिल्व्हेनियात नेली.

यूरोपातील पारंपरिक प्रकार : रशियातील कुलिच हा उंच, दंडगोलाकार, यीस्टने फुगविलेला गोड पाव असून त्याच्या माथ्यावर पांढऱ्या साखरपाकाचा थर व रंगीत दाणे असतात. तो चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करण्याची रूढी आहे. जर्मनी व अल्सेस येथे कोकराच्या आकाराच्या साच्यात केक भाजून त्यावर पिठीसाखर भुरभुरतात. ग्रीसमध्ये वेणीसारख्या गुंफलेल्या पावात लाल रंगविलेली अंडी बसवितात, तर पोर्तुगालमधील फोलार या पावात सबंध अंडे कवचासह भाजले जाते. इटलीतील कबुतराच्या आकाराचा कोलोंबा हा प्रकार मात्र प्राचीन नसून १९३० नंतरच्या दशकात मिलान येथील मिठाई उद्योगाने प्रचारात आणला.

इंग्लंडमधील सिमनेल केकचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. उत्तम प्रतीचे बारीक पीठ या अर्थाच्या ‘सिमिला’ या लॅटिन शब्दापासून हे नाव आले. १४८७ मधील बंडाशी संबंधित लँबर्ट सिमनेल याने हा केक प्रथम केला, ही लोककथा निराधार ठरते, कारण शब्द त्याहून जुना आहे. रॉबर्ट हेरिक या कवीच्या हेस्पेरिडीझ (१६४८) या संग्रहात ग्लॉस्टर येथील सिमनेलचा उल्लेख येतो. तो केक ईस्टरसाठी नसून लेंटमधील चौथ्या रविवारी, आईच्या भेटीस जाताना न्यावयाचा असे. श्रूझबरी, डिव्हायझिस व बेरी या गावांचे सिमनेल परस्परांहून भिन्न होते. श्रूझबरीच्या केकवर कठीण, केशरी रंगाचे कवच असे, तर डिव्हायझिसचा केक ताऱ्याच्या आकाराचा असे. बदामाच्या गोड लगद्याचा (मार्झिपॅनचा) थर व त्यावर जूडासखेरीज अन्य शिष्यांचे प्रतीक म्हणून अकरा गोळ्या हे आजचे रूप अलीकडचे आहे. केकचे ईस्टरशी नाते जुळले, तेही हळूहळू. प्राचीन समजली जाणारी सजावट पुष्कळदा आधुनिक असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

साखर व आयसिंग : केकवर साखरेचा थर देणे ही दीर्घकाळ श्रीमंतांचीच चैन होती. सतराव्या शतकात अंड्यातील पांढरा बलक, साखर व गुलाबपाणी फेटून ते मिश्रण गरम केकवर लावीत व पुन्हा भट्टीत ठेवून वाळवीत. एलिझाबेथ रॅफल्ड हिच्या द एक्स्पीरिअन्स्ड इंग्लिश हाउसकीपर (१७६९) या ग्रंथात लग्नाच्या केकसाठी बदामाचा थर व त्यावर साखरेचा थर अशी दुहेरी कृती दिली आहे. या साखरेमागे कॅरिबियन बेटांवरील गुलामांचे श्रम होते. त्याच्या निषेधार्थ १७९१ नंतर इंग्लंडमधील अनेक कुटुंबांनी तेथील साखरेवर बहिष्कार घातला. पुढे बीटपासून साखर निघू लागली आणि १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरील आयातकर रद्द केला. त्यामुळे साखर सामान्य घरांत पोहोचली. ब्रिस्टल येथील फ्राय कंपनीने १८७३ मध्ये व कॅडबरी कंपनीने १८७५ मध्ये चॉकोलेटची ईस्टर अंडी विक्रीस आणली, तीही याच काळात.

कपकेकचा उदय : अमेलिया सिमन्झ हिच्या अमेरिकन कुकरी (१७९६) या ग्रंथात लहान कपांमध्ये भाजावयाच्या केकची कृती आढळते. ‘कपकेक’ हे नाव एलायझा लेस्ली हिच्या १८२८ मधील पाककृतिसंग्रहात येते. त्यातील केक काकवी, तपकिरी साखर, लोणी व आले घालून केलेला होता. नावाचा एक अर्थ कपात भाजलेला केक, तर दुसरा कपाने मोजलेला केक असा होतो. वजनकाट्याऐवजी कप वापरल्याने काट्यावाचूनही केक करणे शक्य झाले. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप पीठ व चार अंडी हे प्रमाण पाठ करण्यास सोपे असल्याने लोकप्रिय ठरले. १८४३ मध्ये ॲल्फ्रेड बर्ड याने इंग्लंडमध्ये व नंतर एबेन हॉर्सफर्ड याने अमेरिकेत बेकिंग पावडर तयार केल्यावर अंडी तासन्‌तास फेटण्याचे कष्ट कमी झाले. इंग्लंडमध्ये अशाच छोट्या केकला ‘फेअरी केक’ म्हणतात. त्याचा माथा कापून दोन अर्ध्या चकत्या मलईत खोचल्या की फुलपाखरू तयार होते.

सजावटीचे तंत्र : लोणी व साखर एकत्र घोटल्याने मिश्रणात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भट्टीच्या उष्णतेने ते प्रसरण पावतात व बेकिंग पावडरमधून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाने केक फुगतो. भट्टी फार तापलेली असल्यास कडा आधी घट्ट होतात आणि मध्यभाग उंचावून तडकतो. अशा माथ्यावर सजावट टिकत नाही. केक पूर्ण थंड झाल्याखेरीज लोणी-साखरेचा थर लावू नये, कारण लोणी शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते. ईस्टरसाठी सर्वांत सोपी सजावट घरट्याची होय. खोबऱ्याचा कीस हिरव्या रंगात चोळून गवतासारखा पसरतात व त्यात साखरेची किंवा मार्झिपॅनची तीन-चार लहान अंडी ठेवतात. पिवळ्या गोळ्यापासून पिलू व दोन बदामांच्या कानांनी ससा करता येतो. प्रत्येकास स्वतंत्र केक मिळत असल्याने मुले आपापला केक स्वतः सजवू शकतात. मोठ्या केकच्या बाबतीत हे शक्य नसते.

रंगांचा प्रश्न : मुलांच्या आनंदासाठी वापरलेले रंगच दीर्घकाळ त्यांच्या जिवावर बेतणारे होते. फ्रेडरिक ॲकम याने १८२० मध्ये लंडनच्या मिठाईतील लाल रंगात हिंगूळ व शेंदूर, तर अन्य रंगांत तांब्याची संयुगे असल्याचे दाखवून दिले. आर्थर हिल हॅसल याने १८५० नंतर सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षा यांच्या आधारे शिसे व आर्सेनिकयुक्त रंगांचा सर्रास वापर उघडकीस आणला. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे साखरेत भेसळ करावयाच्या भुकटीऐवजी चुकून सोमल मिसळला गेला व ती मिठाई खाऊन सु. २० जण दगावले. या घटनेने भेसळविरोधी कायद्याच्या मागणीस जोर आला. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानंतर केवळ सात कृत्रिम रंगांना मान्यता देण्यात आली. यांपैकी ॲमरँथवर १९७६ मध्ये बंदी आली, तर एरिथ्रोसीन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतील मान्यता जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. मान्यताप्राप्त रंगांची यादी अशा रीतीने कमी होत आली आहे. घरगुती सजावटीत हळद, बीट, पालक यांचे रस वापरण्याकडे असलेला कल या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केकवर साखरेचा थर देण्यास बंदी घालण्यात आली. लग्नाच्या छोट्या केकवर पुठ्ठ्याचे सजविलेले टोपण ठेवून वेळ निभावण्यात येई. ताज्या अंड्यांऐवजी भुकटी वापरावी लागे. १९५३ मध्ये अंडी व साखर यांवरील नियंत्रण उठल्यावरच ईस्टरच्या सजावटीला पूर्वरूप प्राप्त झाले.

भारतातील प्रथा : गोवा, वसई व मुंबई येथील ख्रिस्ती समाजात ईस्टरची सजावट प्रामुख्याने मार्झिपॅनच्या अंड्यांत दिसते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू गोव्यात रुजला व महाग बदामांची जागा त्याने घेतली. काजूची पूड, साखर, अंड्यातील पांढरा बलक व गुलाबपाणी मंद आचेवर आटवून लगदा करतात. तो साच्यात दाबून अंड्याची दोन अर्धुके काढतात, ती जोडतात आणि सांध्यावर साखरेची नक्षी, फुले किंवा मुलाचे नाव काढतात. मुंबईतील वांद्र्यासारख्या वस्त्यांतील बेकऱ्यांत अशी अंडी सणापूर्वी विक्रीस येतात. एप्रिलच्या उकाड्यात लोण्याचा थर पाझरतो, काजूचा लगदा मात्र टिकतो. त्यामुळे घरी केलेल्या कपकेकवरही अशी लहान अंडी बसविणे कोकणपट्टीच्या हवामानास अधिक सोयीचे ठरते.