कॅमेऱ्यामागचा विद्यार्थी
शालेय जीवनातील चित्रपटनिर्मिती आणि माध्यम-विश्लेषण

वाचन आणि लेखन ही दोन्ही कौशल्ये शाळा एकत्र शिकविते. जो निबंध लिहितो, त्याला दुसऱ्याच्या निबंधातील पोकळ शब्द लवकर ओळखता येतात. चित्रपटाच्या बाबतीत मात्र बहुतेक मुले आयुष्यभर केवळ प्रेक्षक राहतात. हे अंतर कमी करण्यासाठी शालेय स्तरावर चित्रपटनिर्मिती आणि माध्यम-विश्लेषण हे विषय एकत्र शिकविण्याचा विचार पुढे आला.

पार्श्वभूमी

जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे १९८२ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९८७ मध्ये माध्यमसाक्षरतेला भाषाविषयाच्या अभ्यासक्रमात स्थान दिले. माध्यमांतून दिसणारे जग हे जसेच्या तसे जग नसून कोणीतरी रचलेले असते, हे तेथील शिक्षणाचे पहिले सूत्र होते. भारतात पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (१९६०) आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) या संस्थांमुळे चित्रपट-रसास्वादाची परंपरा रुजली. तथापि ती मुख्यतः प्रौढांपुरती राहिली.

चित्रभाषेची मुळाक्षरे

विद्यार्थी प्रथम शिकतो तो शॉट. लाँग शॉट माणसाचे स्थळाशी असलेले नाते सांगतो, तर क्लोज-अप त्याच्या चेहऱ्यावरील भाव टिपतो. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की माणूस मोठा भासतो. वरून खाली पाहिले की तोच लहान वाटतो. हे पाठ करण्यापेक्षा वर्गमित्राचे चित्रण करून पाहिले, तर एका तासात समजते.

साधनांचा खर्च ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. तोच प्रयोग आज साध्या मोबाइलवर करता येतो. दर तासाला एक याप्रमाणे दहा दिवसांत २४० छायाचित्रे होतात. सेकंदाला २४ चित्रे या गतीने दाखविल्यास दहा सेकंदांचा चित्रपट तयार होतो. दहा दिवसांची प्रतीक्षा दहा सेकंदांत सामावते, हा काळाविषयीचा धडा मूल विसरत नाही.

कात्रीची जबाबदारी

खरी परीक्षा संकलनाच्या वेळी होते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास एका नटाचा भावशून्य चेहरा कधी सूपच्या वाडग्याशी, तर कधी शवपेटीशी जोडून दाखविला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा शोक दिसला, असे सांगितले जाते.

हे तत्त्व शाळेच्या अंगणात किती गंभीर ठरू शकते, ते पाहू. समजा, आठवीच्या एका गटाने पोषण आहार शिजविणाऱ्या मावशींवर तीन मिनिटांचा माहितीपट केला. मावशी म्हणाल्या, ‘काम कष्टाचं आहे, पण मुलं पोटभर जेवली की शीण जातो.’ वेळ कमी पडला म्हणून संकलनात वाक्याचा उत्तरार्ध गळला आणि त्याखाली करुण संगीत आले. एकही शब्द खोटा नाही, तरीही पडद्यावरच्या मावशी खऱ्या मावशी राहिल्या नाहीत. उद्या त्यांच्या समोरच हा माहितीपट दाखवायचा आहे, हे लक्षात आले की ते गळलेले वाक्य परत जोडण्याची निकड मुलांना आपोआप पटते. चित्रीकरणापूर्वी संमती घेणे आणि तयार चित्रण संबंधितांना दाखविणे, हे नियम म्हणूनच अभ्यासाचा भाग असावेत.

पाहण्याची नवी रीत

ज्याने स्वतः वाक्य कापले, तो बातम्यांतील मुलाखत पाहताना आधी विचारतो : याच्या मागेपुढे काय होते? हे कोणी, कोणासाठी केले? यातून काय वगळले? रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा माहितीपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. प्रकाश मिळावा म्हणून त्यासाठी एका बाजूने उघडे इग्लू बांधण्यात आले होते. इनुइट लोक तोवर बंदुका वापरू लागले असतानाही शिकार जुन्या पद्धतीने दाखविण्यात आली. तरीही तो चित्रपट अभिजात मानला जातो. खरे की खोटे, एवढ्या एका प्रश्नाने माध्यमांचा निवाडा होत नाही, हे विद्यार्थ्याला येथे उमगते.

या शिक्षणातून प्रत्येक मूल दिग्दर्शक होणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे पाठविण्यापूर्वी ते क्षणभर थांबले आणि कापलेल्या अर्ध्या वाक्याचा शोध घेऊ लागले, तरी या तासिकेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.